‘फ्लोर दे ला मार’ : एका जहाजाची प्रतिकृती

गोमंतकाच्या इतिहासात ‘फ्लोर दे ला मार’ म्हणजे ‘सागरपुष्प’ या पोर्तुगीज जहाजाचा उल्लेख येतो, तो आफोंसो द आल्बुकेर्कच्या संदर्भात. 1510 च्या गोव्याच्या मोहिमेत ते होते. पुढच्याच वर्षी ते मलाक्क्यावर गेले आणि तेथील लूट घेऊन परतताना बुडाले. मलेशियातील त्याच मलाक्का शहरी, नदीकाठी, या जहाजाची भव्य प्रतिकृती उभी आहे. 1994 पासून तीत सागरी संग्रहालय आहे. सेवानिवृत्तीनंतर ते पाहण्याचा योग मला आला. अशी प्रतिकृती कशी पाहावी, एवढ्यापुरतेच हे विवेचन मर्यादित आहे.

प्रतिकृतीची लांबी 36 मीटर, रुंदी 8 मीटर आणि उंची 34 मीटर. ती पाण्यात नाही, जमिनीवर आहे. पादत्राणे बाहेर काढून मी आत गेलो. जेत्याच्या जहाजात अनवाणी शिरताना गोमंतकीयाच्या मनात काय येत असेल, ते वाचकांनी ताडावे.

आमच्या अभ्यासक्षेत्रातील भाषेत सांगायचे तर हा पाठचिकित्सेचा प्रश्न आहे. एकनाथांनी 1584 साली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हा मूळ हस्तलिखित नसले तरी ताडून पाहण्यास इतर प्रती होत्या. जहाजाच्या बाबतीत तेवढेही नाही. ते 1502 साली लिस्बनला बांधले गेले. त्या काळचे कारागीर कागदावर आराखडे काढीत नसत. परंपरेने आलेल्या प्रमाणांवरून ते काम करीत. जहाजबांधणीवरील पोर्तुगीज ग्रंथ लिहिले गेले ते त्या शतकाच्या उत्तरार्धात. सुमारे 400 टनांचे जहाज, नाळेवर व पिछाडीस उंच मजले, पुढच्या दोन डोलकाठ्यांवर चौकोनी शिडे आणि मागच्या काठीवर त्रिकोणी शीड, हा त्या जातीच्या जहाजांचा सामान्य घाट ज्ञात आहे. बाकीचे संपादकाने भरलेले पाठ होत. ते भरण्यास माझी हरकत नाही; मात्र कोणता भाग पुराव्याचा आणि कोणता तर्काचा, हे फलकावर लिहिलेले असावे. ग्रंथसंपादकाला आपण यातून सूट देत नाही.

याहून मोठी अडचण निराळीच आहे. प्रतिकृती जहाजाचा आकार दाखविते, वय दाखवीत नाही. या जहाजाचा तर सारा इतिहास गळतीचा आहे! हिंदी महासागरातील अशी जहाजे बहुधा तीन-चार वर्षांत निकामी होत. हे नऊ वर्षे चालले. पहिल्याच सफरीहून मसाल्याने लादलेले परतताना ते गळू लागले आणि मोझांबिकला डागडुजीसाठी थांबावे लागले. दुसऱ्या खेपेस तेथेच कित्येक महिने अडकून पडले. मग ते पोर्तुगालला पोहोचलेच नाही. सॉकोत्रा, होर्मुझ, 1509 ची दीवची लढाई, गोवा, मलाक्का असे ते इकडच्याच समुद्रात झिजत राहिले. ते धोक्याचे झाले आहे हे माहीत असूनही आल्बुकेर्कने मलाक्क्याची संपत्ती त्यातच भरली, कारण एवढा माल मावणारे जहाज हेच होते. नोव्हेंबर 1511 मध्ये सुमात्राच्या किनाऱ्याजवळ वादळात ते फुटले. आल्बुकेर्क तराफ्यावरून वाचला. संपत्ती आणि कितीतरी माणसे गेली. लोभाने जीर्ण लाकडावर टाकलेला हा भार कोरड्या जमिनीवरील नव्याकोऱ्या फळ्यांतून कळत नाही. तो शब्दांनीच सांगावा लागतो.

म्हणून मला बाहेरच्या डौलापेक्षा आतील दालने अधिक मोलाची वाटली. तेथे सुलतानशाहीपासून पोर्तुगीज, डच, इंग्रज अशा क्रमाने बंदराची कथा मांडली आहे. मलाक्का आल्बुकेर्कने वसविले नव्हते. जिंकल्यानंतर लवकरच तेथे गेलेल्या तोमे पिरेश या पोर्तुगीजाने त्या बंदरात 84 भाषा बोलल्या जातात असे नमूद केले आहे. तेथे येणाऱ्या व्यापाऱ्यांच्या त्याच्या यादीत गुजरातचे लोक आहेत, तसेच चौल, दाभोळ आणि गोवा येथलेही आहेत. ते ज्या जहाजांतून येत, त्यांपैकी एखाद्याची पूर्णाकृती प्रतिकृती मात्र मला त्या नदीकाठी दिसली नाही.