आब राखणारा दगड

बीडमध्ये वाढलेल्या माणसाला गारगोटी नवी नसते. विहिरीच्या खोदकामातून निघालेल्या ढिगाऱ्यात, नांगरलेल्या शेताच्या बांधावर, बिंदुसरेच्या कोरड्या पात्रात ती सापडतेच. लहानपणी आम्ही अंधारात दोन गारगोट्या एकमेकींवर घासून ठिणगी पाहायचो आणि मग त्या फेकून द्यायचो. आमच्या दादाजानांच्या बोटातला अकीक हा त्याच गारगोटीचा भाऊबंद, हे मात्र आम्हाला चाळिशी ओलांडल्यावर कळले.

निमित्त झाले आमच्या खालांच्या मुलाचे. तो जयपूरला खडे घासण्याचे काम करतो. मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तो बीडला आला तेव्हा त्याने काडेपेटीतून पाच खडे आणले. दिसायला खडीसाखरेचे तुकडे. पण दारात उन्हात धरले, तर एकातून हिरवी ठिणगी, दुसऱ्यातून नारिंगी. मुले ओरडलीच. ‘‘हा ओपल,’’ तो म्हणाला, ‘‘इथिओपियाचा. तिकडच्या वोलो भागात 2008 च्या सुमारास हा माल मोठ्या प्रमाणावर सापडला, आणि आता तो आमच्या जयपूरला घासला जातो. तुम्हाला पाच तुकडे दिले आहेत. घरी घासून बघा. पण आधी गारगोटीवर हात बसवा.’’

इथिओपिया म्हणजे आपले जुने हबश. तो खडा बीडच्या आमच्या ओसरीवर आला होता. सुट्टीचे दिवस होते, मुले घरात होती. आम्ही ठरवले, घासून बघू.

पैठण आणि तेर यांच्या मधोमध

हात घालण्यापूर्वी आम्ही थोडी माहिती गोळा केली. आपला सगळा जिल्हा काळ्या पाषाणावर बसलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या भेगांतून लाव्हा बाहेर पडला, थरावर थर साचले आणि त्यातून दख्खनचे पठार झाले. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे त्या पोकळ्यांत वाळूच्याच द्रव्याने, म्हणजे सिलिकाने भरलेले पाणी झिरपत राहिले आणि थरांनी भरत गेले. अकीक तयार झाला तो असा. त्याच्यावरच्या पट्ट्या म्हणजे त्या झिरपण्याच्या खुणा. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात अशा पोकळ्यांतून निघालेले स्फटिक मांडून ठेवलेले आहेत. ते पाहिले की आपल्या काळ्या दगडाच्या पोटात काय काय आहे ते समजते.

ओपलसुद्धा सिलिकाच, पण त्यात पाणी शिल्लक राहिलेले असते. साधारणपणे वजनाच्या 3 ते 10 टक्के, कधी त्याहूनही जास्त. सिलिकाचे अतिसूक्ष्म गोळे त्यात एकावर एक नीट रचलेले असतात, फळवाल्याने संत्री रचावीत तसे. या रचनेतून जाताना प्रकाश फुटतो आणि रंग दिसतात. ज्या ओपलमध्ये गोळ्यांची रचना विस्कटलेली असते, तो नुसताच दुधी दिसतो.

खड्यांच्या या धंद्याशी आपल्या भागाचे नाते फार जुने आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तगर या दोन बाजारपेठांची नावे येतात. पैठणहून अकीकाच्या जातीचे दगड आणि तगरहून कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जात असे. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेर. तिथल्या लामतुरे संग्रहालयात त्या काळचे मणी आजही पाहता येतात. नकाशा उघडून पाहा. पैठण गोदावरीच्या उत्तर काठावर, तेर दक्षिणेकडे, आणि मधोमध आपला बीड जिल्हा. दोन हजार वर्षांपूर्वी ज्या दगडांसाठी परदेशी व्यापारी येत होते, ते आम्ही ठिणग्या पाडून फेकून देत होतो.

धूळ

गारगोटीपासून सुरुवात करायची, एवढे आम्ही ऐकले होते. कशी करायची, हे विचारायचे राहून गेले. शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडून हँड ग्राइंडर मागून आणला, गच्चीवर बसलो आणि कोरड्या गारगोटीवर चाक लावले. पांढरा धुरळा उडाला. तोंडाला रुमाल बांधला होता, तेवढ्यावर आम्ही खूश. तासाभरात वाळत घातलेल्या कपड्यांवर, पाण्याच्या टाकीच्या झाकणावर, मुलांच्या केसांत पिठासारखी पूड बसली. अम्मींना आधीच दम्याचा त्रास. रात्री त्यांना झोप लागली नाही.

सकाळी डॉक्टरांकडे गेलो. अम्मींना तपासून झाल्यावर त्यांनी विचारले, ‘‘घरात काही बांधकाम चालू आहे का?’’ आम्ही खड्यांची गोष्ट सांगितली. त्यांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवला. ‘‘खंभातचे नाव ऐकले आहे ना?’’

खंभातचे नाव कोणी ऐकलेले नाही? गुजरातचे हे जुने बंदर अकीकासाठी जगभर ओळखले जाते. आपल्या घरातल्या तसबीहचे मणी, अंगठीतला खडा, बहुतेक वेळा तिथल्याच हातांतून गेलेला असतो. कारागीर दगड तापवून त्याचा रंग लाल करतात, लोखंडी खुंटीवर टेकवून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने त्याचे कपचे काढतात, मग चाकावर घासतात. तिथल्या कारागिरांत बाबा घोर या हबशी वलींचे नाव आदराने घेतले जाते. अकीकाचा हुन्नर त्यांनीच शिकवला असे ते मानतात. रतनपूरजवळच्या टेकडीवर त्यांची दर्गाह आहे.

डॉक्टरांनी सांगितली ती या धंद्याची दुसरी बाजू. खंभात आणि शेजारच्या शकरपूरसारख्या गावांत हे काम घराघरांत चालते. चाकावर कोरडा दगड घासताना उडणारी सिलिकाची धूळ इतकी बारीक असते, की ती फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसते आणि परत येत नाही. फुप्फुस हळूहळू राठ होत जाते. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. झालेले नुकसान भरून काढील असे औषध नाही, शिवाय क्षयाचा धोका वाढतो. पुष्कळदा तो क्षयच समजला जातो आणि रोगी चुकीची औषधे घेत राहतो. घासणाराच आजारी पडतो असेही नाही. चाक घरात असल्याने बायका-मुलांच्या आणि शेजाऱ्यांच्या छातीतही ती धूळ जाते. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने या कारागिरांची तपासणी केली आहे आणि धूळ ओढून घेणारी साधनेही तयार केली आहेत. पण दर नगामागे मजुरी मिळवणाऱ्या घराला साधन लावणे जड जाते.

आम्ही घरी आलो. अम्मींच्या उशाशी त्यांची अकीकाची तसबीह ठेवलेली होती. तिचे मणी आम्ही लहानपणापासून पाहत आलो होतो. ते गोल कोणी केले असतील, हा प्रश्न मनात त्या दिवशी पहिल्यांदा आला.

ग्राइंडर परत केला. गच्ची ओल्या फडक्याने पुसून काढली. कोरड्या झाडूने झाडले असते तर तीच धूळ पुन्हा उडाली असती. संध्याकाळी जयपूरला फोन लावला. भाऊ रागावलाच. ‘‘कोरडे घासलेत? आमच्याकडे शिकाऊ पोराला पहिले हेच सांगतात, की दगडावरचे पाणी तुटू द्यायचे नाही.’’

पाण्याखाली

मग रीत बदलली. ग्रॅनाइटच्या ओट्यांना पॉलिश करणाऱ्यांकडे हाताने घासायचे डायमंडचे पॅड मिळतात. त्यांना नंबर असतात. लहान नंबर खरखरीत, मोठा नंबर मऊ. आम्ही 200 पासून 3000 पर्यंतचे घेतले. एक पसरट तसराळे, त्यात दोन तांबे पाणी, आणि पॅड व खडा दोन्ही पाण्यात बुडवून घासायचे. वीज नाही, चाक नाही, धूळ नाही. वेळ मात्र लागतो. टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या जिल्ह्यात पाणी जपून वापरावे लागते, पण या कामाला तेच पाणी पुन्हा चालते. तळाशी बसलेला गाळ मात्र मोरीत ओतायचा नाही, पाइप तुंबतो. तो ओला असतानाच पिशवीत बांधून टाकायचा.

पहिला ओपल आम्ही मोडला. बोटात धरायला खडा फार लहान, म्हणून तो काडीच्या टोकावर चिकटवावा लागतो. आम्ही लाख वितळवून चिकटवला. ओपलला उष्णता सोसत नाही, कारण त्याच्या पोटात पाणी असते. ‘टक्’ असा आवाज आला आणि मधून तडा गेला. दुसऱ्या खड्याला साधा फेविक्विक लावला, तापवायचे कामच नको.

थोरल्या मुलीने तो उन्हात फिरवून फिरवून पाहिला आणि रंग कोणत्या बाजूला दाट आहे ते हेरले. ती बाजू वर ठेवायची. पेन्सिलीने तिने लंबगोल आखला. वरची पांढरी साल 200 नंबरवर गेली. मग 400 वर घुमटाचा आकार, आणि 800, 1500, 3000 करत आधीच्या पॅडचे ओरखडे काढायचे. एकही ओरखडा मागे राहिला तर तो शेवटी चमकलेल्या खड्यावर उठून दिसतो, आणि मग पुन्हा मागे जावे लागते. आम्ही दोनदा मागे गेलो. ओपल अकीकापेक्षा मऊ असतो, त्यामुळे जोर लावला तर घुमटाऐवजी सपाट चट्टे पडतात. हात हलका आणि फिरता ठेवावा लागतो. असरनंतर बसायचे आणि मगरिबच्या अजानपर्यंत घासायचे, अशा चार संध्याकाळी गेल्या. शेवटी जुन्या पट्ट्याच्या चामड्यावर सेरियम ऑक्साइडची पांढरी पूड ओली करून ओप दिला.

आणि खडा काचेसारखा पारदर्शक झाला. रंग पार गेला होता. हिरवे नाही, नारिंगी नाही. दादींनी तो हातात घेऊन पाहिला आणि म्हणाल्या, ‘‘इसका तो पानी उतर गया.’’

उलटेच झाले होते. त्याने पाणी पिले होते. इथिओपियाचा ओपल स्पंजासारखा असतो. त्याच्या बारीक छिद्रांत पाणी शिरले की प्रकाश फुटेनासा होतो. भावाने सांगितले, ‘‘काही करू नका. उन्हात ठेवू नका, पंख्याखाली ठेवू नका. सुती कपड्यात गुंडाळून कपाटात ठेवा.’’ घाईने वाळवला तर तो तडकतो.

धाकट्याने पहिल्या दिवशी सात वेळा कपाट उघडले. दुसऱ्या दिवशी खडा दुधी झाला आणि आम्हाला वाटले, संपले. तिसऱ्या दिवशी सकाळी, फजरनंतर, मुलीने तो खिडकीशी नेला. मग तिने कोणाला हाक मारली नाही, नुसती उभी राहिली. आम्ही मागून पाहिले. हिरव्यावर नारिंगी, आणि कडेला एक निळी रेघ, घासण्यापूर्वी कधी न दिसलेली.

खडा कोणता, अंगठी कोणती

त्याची अंगठी करायची नाही, हे आमचे आम्हीच ठरवले. दिवसातून पाच वेळा वुजू, शिवाय भांडी, साबण, हळद. हा खडा पाण्याबरोबर रंगही पितो, हळदीचा डाग आत गेला की निघत नाही. सोनाराने त्याला चांदीत बसवून लोलक करून दिला. अकीकाचे तसे नाही. तो पाण्याला दाद देत नाही, ओरखड्यांनाही सहसा दबत नाही. रोज पाण्यात जाणाऱ्या बोटात तोच टिकतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांची अंगठी चांदीची होती आणि तिचा खडा हबशी होता, असे सहीह मुस्लिममधील रिवायतीत आले आहे.

खडा घातल्याने नशीब फिरते, अमका खडा लाभतो आणि तमका बाधतो, असे सांगणारे बाजारात पुष्कळ भेटतात. चार संध्याकाळी घासल्यावर त्या बोलण्याचे आम्हाला हसू येते. दगडात जे आहे ते सिलिका आणि पाणी. बाकीचे घासणाऱ्याच्या हाताचे.

कोणाला घरी हा छंद करून पाहावा वाटला तर जरूर करावा. मुलांचे हात आणि डोळे दोन्ही तयार होतात. पण दगड कोरडा घासू नये, चाक वापरायचे तर वाहत्या पाण्यासोबत आणि विजेची नीट काळजी घेऊनच वापरावे, तोंडाला रुमाल नव्हे तर एन-95 मास्क लावावा, आणि दमेकऱ्याच्या खोलीजवळ बसू नये. अकीकाची तसबीह किंवा अंगठी घेताना दुकानदाराला एवढे तरी विचारावे, की हा माल कुठे घासला, कसा घासला? उत्तर बहुधा मिळणार नाही. पण दहा गिऱ्हाइकांनी विचारले तर अकरावे ऐकण्याआधी तो मालवाल्याला विचारील.

आपल्या भाषेत ‘आब’ म्हणजे पाणी, आणि ‘आब’ म्हणजे तेज आणि इभ्रतसुद्धा. फारसीतून आलेला हा शब्द आम्ही इतकी वर्षे वापरत होतो. काडेपेटीत अजून तीन खडे शिल्लक आहेत. पुढच्या सुट्टीत ते घासायचे आहेत. तसराळे मुलीने धुऊन ठेवले आहे, आणि त्याच्यावर चिठ्ठी चिकटवली आहे: ‘‘आधी पाणी.’’