वीस मिनिटांचे कोडे आणि तासांनी चुकणारे घड्याळ

इंग्लंडमधील लिव्हरपूल शहराच्या अॅनफील्ड भागात वुल्व्हर्टन स्ट्रीट नावाची एक अरुंद गल्ली आहे. तेथील २९ क्रमांकाच्या घरात २० जानेवारी १९३१ रोजी संध्याकाळी ज्यूलिया वॉलेस या गृहिणीचा डोक्यावर घाव घालून खून करण्यात आला. खुनी कोण, हे आजपर्यंत निश्चित झालेले नाही. या घटनेला नव्वदहून अधिक वर्षे लोटली, पण हौशी शोधकांची तिच्याविषयीची ओढ कमी झालेली नाही. डोरोथी सेयर्स आणि पी. डी. जेम्स यांच्यासारख्या नामवंत रहस्यकथालेखिकांनीही या कोड्यावर लिहिले. पुस्तके, नाटके, रेडिओ कार्यक्रम निघतच राहिले आणि प्रत्येक नव्या लेखकाने 'उत्तर सापडले' असे सांगितले. अडचण एवढीच की ही उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत.

एका परदेशी खुनाची ही हकिकत विज्ञानाच्या शिक्षकांपुढे मांडण्याचे कारण काय? कारण हा मुळात मोजमापाचा प्रश्न आहे. मिलिमीटरच्या खुणा असलेल्या पट्टीने केसाची जाडी मोजता येत नाही, हे आपण आठवीच्या मुलांना शिकवतो. पट्टी खोटी नसते. तिचे लघुतम माप मोठे असते. वॉलेस प्रकरणात नेमके हेच घडले आहे.

काय घडले?

ज्यूलियाचे पती विल्यम हर्बर्ट वॉलेस हे ५२ वर्षांचे विमा प्रतिनिधी होते. रसायनशास्त्राची त्यांना आवड होती आणि घरात त्यांनी छोटीशी प्रयोगशाळाही थाटली होती. बुद्धिबळ खेळण्यासाठी ते शहरातल्या एका क्लबात जात.

खुनाच्या आदल्या संध्याकाळी, म्हणजे सोमवारी, वॉलेस क्लबात पोहोचण्यापूर्वीच तेथे त्यांच्यासाठी एक फोन आला. बोलणाऱ्याने आपले नाव 'आर. एम. क्वॉलट्रो' असे सांगितले. मंगळवारी संध्याकाळी साडेसात वाजता वॉलेस यांनी २५, मेनलव्ह गार्डन्स ईस्ट या पत्त्यावर यावे, असा निरोप त्याने ठेवला.

मंगळवारी वॉलेस घरून निघाले. सात वाजून सहा मिनिटांनी ते एका ट्राममध्ये चढले. ही वेळ कंडक्टरच्या साक्षीवरून ठरली. तेथून पुढे त्यांनी बराच वेळ पत्ता शोधला. एका पोलिसालाही विचारले. मेनलव्ह गार्डन्स नॉर्थ, साउथ आणि वेस्ट असे तीन रस्ते होते, 'ईस्ट' नव्हताच. पावणेनऊच्या सुमारास ते घरी परतले आणि शेजाऱ्यांच्या उपस्थितीत घरात शिरले. पुढच्या खोलीत ज्यूलियाचा मृतदेह पडला होता. जवळच वॉलेस यांचा रेनकोट अर्धवट जळलेल्या अवस्थेत सापडला. पैशांच्या पेटीतून सुमारे चार पौंड गेले होते. ज्या हत्याराने खून झाला ते कधीच मिळाले नाही.

एप्रिल १९३१ मध्ये खटला चालला. न्यायाधीशांचा समारोप आरोपीच्या बाजूला झुकणारा होता. तरीही ज्यूरीने सुमारे तासाभरात 'दोषी' असा निर्णय दिला आणि वॉलेस यांना फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. मे महिन्यात अपील न्यायालयाने ती रद्द केली. समोर आलेला पुरावा पाहता हा निर्णय टिकू शकत नाही, असे कारण न्यायालयाने दिले. या कारणावरून खुनाची शिक्षा रद्द होण्याची इंग्लंडमधील ही पहिली वेळ होती.

प्रश्न किती मिनिटांचा?

ज्यूलियाला जिवंत पाहणारा शेवटचा साक्षीदार दूध टाकणारा चौदा वर्षांचा मुलगा होता. न्यायालयात त्याने साडेसहाच्या सुमारासची वेळ सांगितली. पण सुरुवातीला तो 'पावणेसात' म्हणाला होता, असे त्याच्या सोबत्यांनी सांगितले. वर्तमानपत्र टाकणाऱ्या एका मुलाने त्याला ६-३७ च्या सुमारास दाराशी पाहिले होते.

आता दुसरे टोक पाहू. ७-०६ ची ट्राम गाठायची तर वॉलेस यांनी फार तर ६-४९ ला घर सोडले असले पाहिजे. म्हणजे त्यांनीच खून केला असेल, तर खून, साफसफाई, चोरीचा देखावा आणि कपडे ठीकठाक करणे हे सारे जास्तीत जास्त वीस मिनिटांत आणि कदाचित दहा-बारा मिनिटांतच उरकावे लागते. खून दुसऱ्या कोणी केला असेल, तर त्याला ६-५० पासून साडेआठपर्यंत मोकळा वेळ मिळतो.

तेव्हा मृत्यूची वेळ वीस मिनिटांच्या अचूकतेने कळली असती, तर कोडे बरेचसे सुटले असते. आपल्याला हवे असलेले लघुतम माप हे असे आहे.

शरीराचे घड्याळ

मृत्यूची वेळ सांगण्यासाठी बोलावलेले डॉ. मॅकफॉल हे लिव्हरपूल विद्यापीठातील न्यायवैद्यकाचे प्राध्यापक होते. रात्री दहाच्या सुमारास त्यांनी मृतदेह तपासला. त्यांनी मुख्यतः मरणोत्तर ताठरतेवर भर दिला. शरीराचे तापमान घेतले नाही. मृत्यू सुमारे चार तासांपूर्वी, म्हणजे सहाच्या आसपास झाला असावा, असे त्यांचे मत पडले. पण सहा वाजून गेल्यावर ज्यूलिया दारात उभी राहून दूधवाल्या मुलाशी बोलली होती! उलटतपासणीत आपल्या अंदाजात चुकीला वाव असल्याचे त्यांना मान्य करावे लागले.

ही ताठरता कशामुळे येते? स्नायूंमध्ये अॅक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे तंतू असतात. ते एकमेकांना पकडतात, सरकवतात आणि सोडतात. त्यातून स्नायू आकुंचन पावतो. पकड सोडण्यासाठी एटीपी हा ऊर्जा पुरवणारा रेणू लागतो. मृत्यूनंतर एटीपी तयार होणे थांबते, शिल्लक साठा संपतो आणि तंतूंची पकड तशीच अडकून राहते. साधारणपणे दोन ते चार तासांत जबडा व मान येथे ताठरता जाणवू लागते, बारा तासांच्या सुमारास सर्व शरीर ताठ होते आणि पुढे एक-दोन दिवसांत प्रथिनांचे विघटन होऊन ती ओसरते.

हे आकडे मात्र ढोबळ आहेत. खोली थंड असेल तर ताठरता उशिरा येते. मृत्यूपूर्वी झटापट झाली असेल किंवा व्यक्ती कृश असेल तर ती लवकर येते. ज्यूलिया कृश होती. जानेवारीची थंडी होती, पण त्या खोलीत गॅसची शेगडी पेटवली गेल्याचीही शक्यता होती. म्हणजे एक कारण घड्याळ पुढे ढकलते आणि दुसरे मागे ओढते. कोणी किती ओढले, हे सांगता येत नाही.

तापमान घेतले असते तर?

अनेक हौशी शोधक म्हणतात, 'तापमान घेतले असते तर खुनी सापडला असता.' हे तपासून पाहू.

समजा, रात्री दहा वाजता तापमान घेतले आणि ते ३४.५ अंश सेल्सियस भरले. (हा आकडा केवळ उदाहरणासाठी घेतला आहे.) जिवंतपणी ते ३७ अंश होते असे धरू. म्हणजे घट २.५ अंशांची. शरीर ताशी एक अंशाने थंड होते असा ढोबळ नियम लावला तर अडीच तास झाले, मृत्यू साडेसातला. पण थंड होण्याचा वेग ताशी ०.७५ अंश असेल तर ३ तास २० मिनिटे होतात; मृत्यू ६-४० ला. वेग ताशी १.५ अंश असेल तर १ तास ४० मिनिटे. मृत्यू ८-२० ला.

एकच तापमान, पण ६-४० हे उत्तर वॉलेस यांच्यावर बोट ठेवते आणि उरलेली दोन उत्तरे त्यांना पूर्णपणे मुक्त करतात. वेगाचे हे तिन्ही आकडे शक्य कोटीतले आहेत. शरीराचा बांधा, कपडे, खोलीचे तापमान यांवर ते अवलंबून असतात. शिवाय मृत्यूनंतर सुरुवातीचा काही काळ शरीराच्या आतील तापमान फारसे उतरतच नाही. तो काळही प्रत्येक बाबतीत सारखा नसतो.

मग आजचे शास्त्र काय करू शकते? जर्मन संशोधक क्लाउस हेन्सगे यांनी १९८० च्या दशकात शरीराचे तापमान, परिसराचे तापमान, वजन आणि कपडे यांचा विचार करणारा आलेख तयार केला. तो आजही वापरला जातो. अनुकूल परिस्थितीतही त्याच्या उत्तरासोबत 'अधिक-उणे २.८ तास' अशी मर्यादा द्यावी लागते आणि तीही ९५ टक्के खात्रीची. प्रश्न वीस मिनिटांचा आहे आणि घड्याळ जवळपास तीन तासांनी मागेपुढे होणारे आहे. तापमान न घेणे ही उणीव खरीच, पण ते घेऊनही हे कोडे सुटले असते असे म्हणता येत नाही.

दोन्हीकडे बसणारा पुरावा

वेळेने निकाल लागत नाही म्हटल्यावर शोधक इतर पुराव्याकडे वळतात. तेथे काय दिसते?

आदल्या दिवशीचा फोन वॉलेस यांच्या घरापासून सुमारे चारशे यार्डांवरच्या सार्वजनिक पेटीतून आला होता. फोन लागण्यात अडचण आल्यामुळे ऑपरेटरने नोंद केली आणि म्हणून ही गोष्ट कळली. एक पक्ष म्हणतो, वॉलेस यांनीच क्लबात जाताना तो केला. दुसरा म्हणतो, घरावर पाळत ठेवणाऱ्याने ते बाहेर पडताच केला. फोन घेणारे क्लबचे पदाधिकारी वॉलेस यांना चांगले ओळखत होते आणि तो आवाज वॉलेस यांचा नव्हता असे त्यांनी सांगितले. यावर पहिला पक्ष उत्तर देतो : आवाज बदलला होता.

अस्तित्वात नसलेला पत्ता? आपण दूर होतो हे अनेकांना पटवण्यासाठी वॉलेस यांनी तो रचला. किंवा त्यांना जास्तीत जास्त वेळ घराबाहेर ठेवण्यासाठी दुसऱ्याने रचला. जळका रेनकोट? रक्त अंगावर उडू नये म्हणून खुन्याने घातला. किंवा दार उघडायला जाताना ज्यूलियाने खांद्यावर टाकला आणि ती शेगडीवर पडली. वॉलेस यांच्या कपड्यांवर रक्त सापडले नाही? ते निर्दोष होते म्हणून; किंवा त्यांनी फार काळजी घेतली म्हणून.

गणिताच्या शिक्षकांना हे चटकन उमगेल. दोन बिंदूंतून सरळ रेषा एकच जाते, पण वक्ररेषा हव्या तितक्या काढता येतात. पुराव्याचे बिंदू थोडे आणि 'समजा असे झाले असेल' ही सूट भरपूर असली की प्रत्येकाची वक्ररेषा सर्व बिंदूंतून जाते. ती जाते एवढ्यावरून ती खरी ठरत नाही. म्हणून एखादा पुरावा आपल्या कल्पनेशी जुळतो का, एवढे विचारून भागत नाही. विरुद्ध कल्पना खरी असती, तर हा पुरावा मिळण्याची शक्यता किती कमी झाली असती, हे विचारायला हवे. वॉलेस प्रकरणातील बहुतेक पुराव्यांबाबत उत्तर येते : फारशी नाही.

अशा वेळी हौशी सिद्धांत एक ओळखीची वाट धरतात. अडचण आली की नवे पात्र येते. वीस मिनिटे कमी पडतात? मग एक साथीदार होता. फोनवरचा आवाज वेगळा? मग तो साथीदाराचा होता. पी. डी. जेम्स यांनी २०१३ मध्ये सुचवले की फोन ही दुसऱ्या कोणाची केवळ खोडी होती आणि वॉलेस यांनी तिचा फायदा घेतला. कल्पना चतुर आहे. पण ती चूक असेल तर कशावरून कळेल, याचे उत्तर तिच्यापाशी नाही.

हौशी शोधकांनी केलेले सारेच वाया गेले, असे मात्र नाही. जेम्स मर्फी यांनी २००१ मधील पुस्तकात कागदपत्रे धुंडाळून दाखवले की ज्यूलियाचे वय खटल्याच्या वेळी समजले जात होते तसे पतीएवढे नव्हते. ती सतरा वर्षांनी मोठी होती. ही कोणालाही पडताळून पाहता येणारी नवी माहिती आहे. पुराव्यात असा एक बिंदू वाढवणे हे जुन्याच बिंदूंवर नवी कथा रचण्यापेक्षा कितीतरी मोलाचे आहे.

'माहीत नाही' या उत्तराचे मोल

वॉलेस फाशीतून सुटले, पण संशयातून सुटले नाहीत. त्यांना राहते घर सोडावे लागले आणि फेब्रुवारी १९३३ मध्ये मूत्रपिंडाच्या विकाराने ते वारले. पुढे १९८१ मध्ये एका रेडिओ कार्यक्रमात दुसऱ्याच एका माणसाचे नाव खुनी म्हणून जाहीर झाले. तो तेव्हा हयात नव्हता आणि त्याच्यावर कधी आरोपही ठेवला गेला नव्हता. त्याचे नाव येथे मुद्दामच दिलेले नाही. चुकलेल्या वैज्ञानिक गृहीतकाने कागद वाया जातो. चुकलेल्या संशयाने माणूस. म्हणूनच १९३१ च्या अपील न्यायालयाचा निर्णय वैज्ञानिक वृत्तीचाही नमुना वाटतो. न्यायालयाने नवी कथा सांगितली नाही. हातात असलेल्या पुराव्यातून हा निष्कर्ष निघत नाही, एवढेच म्हटले.

वर्गात करून पाहण्यासारखे

शिक्षकांनी मधल्या सुट्टीत तीन पेल्यांत सारखेच गरम (उकळते नव्हे) पाणी ओतावे : एक स्टीलचा, एक चिनी मातीचा आणि एक झाकण घातलेला. एक पेला पंख्याखाली ठेवावा. पाणी केव्हा ओतले आणि तेव्हा ते किती गरम होते, हे सांगू नये. तीन गटांनी प्रत्येकी एका पेल्याचे तापमान एकदाच घेऊन ओतण्याची वेळ सांगावी आणि 'अधिक-उणे किती' हेही लिहावे. मग दहा मिनिटांनी दुसरे वाचन घेऊ द्यावे आणि अंदाज किती सुधारतो ते पाहावे.

शेवटी फळ्यावर दोन काल्पनिक नावे लिहावीत. एक जण सुट्टीच्या पहिल्या दहा मिनिटांत खोलीत होता, दुसरा नंतरच्या दहा मिनिटांत. पाणी कोणी ओतले? आपल्या अंदाजातील 'अधिक-उणे' दहा मिनिटांहून मोठे आहे हे ज्या गटाच्या लक्षात येईल आणि जो 'यावरून सांगता येत नाही' असे लिहील, त्याला पूर्ण गुण द्यावेत. वर्गात एखाद्याची पेन्सिल हरवते आणि क्षणात कोणाचे तरी नाव घेतले जाते, तेव्हा हा प्रयोग मुलांना आठवला तर तो सार्थकी लागला असे समजावे.