दोष लाईटचा नव्हता

सूर्यमाळला पावसाळ्यात कुठलंही यंत्र अडलं की पहिला संशय लाईटवर जातो, आणि बहुतेकदा तो खरा ठरतो. मोखाडा तालुक्यातलं हे उंच पठार वारापाऊस थेट अंगावर घेतं. तारेवर फांदी पडली की लाईट जाते. आली तरी कधी डीम असते. म्हणून नाशिकला शिकणाऱ्या शेजारच्या मुलीच्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवर ‘स्लो चार्जर’ अशी सूचना यायला लागली, तेव्हा घरात सगळ्यांचं एकमत झालं, “व्होल्टेज नाही, दुसरं काय!”

काळजी खरी होती. शिष्यवृत्तीचे पैसे साठवून घेतलेला लॅपटॉप, आणि ऑनलाइन तास सुरू असताना प्लग लावलेला असूनही बॅटरी 41 टक्क्यांवरून 38 वर उतरलेली.

गावातल्या वायरमनने सॉकेटमध्ये मल्टिमीटर लावला. 188 व्होल्ट. 230 च्या मानाने कमीच. पंखा संथ फिरत होता तो त्यामुळेच. पण चार्जर उलटा करून बारीक अक्षरं वाचली, तर ‘इनपुट 100–240 व्होल्ट’. म्हणजे 188 वर तो चार्जर निवांत काम करणार. लाईट निर्दोष सुटली.

खरं उत्तर त्या चार्जरमध्येच होतं. लॅपटॉपचा मूळ अडॅप्टर जड म्हणून ती होस्टेलवर ठेवून आली होती आणि इथे मोबाइलचा चार्जर लावत होती. पिन बसते, दिवा लागतो, मग शंका कशाला येईल? चार्जरवर ठळक लिहिलं होतं, 33 वॅट. मात्र हे 33 वॅट त्याच कंपनीच्या मोबाइलने मागितले तरच मिळतात. चार्जरचं तोंड जुन्या चौकोनी यूएसबीचं. त्यातून लॅपटॉपला 5 व्होल्टच पोचत होते. 5 व्होल्ट गुणिले 3 अँपिअर, फार तर 15 वॅट. पडदा उजळ, कॅमेरा चालू, वर तास सुरू म्हटल्यावर लॅपटॉप त्याहून जास्त खातो. तूट बॅटरीतून भरली जाते.

दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल लावली की चार्जर आणि लॅपटॉप आधी आपसात बोलतात, हे मला या सगळ्यात सर्वांत मोलाचं वाटतं. केबलमधल्या एका बारीक तारेवरून चार्जर सांगतो, माझ्याकडे 5, 9, 15, 20 व्होल्ट आहेत. लॅपटॉप त्यातलं हवं ते मागतो. पॉवर डिलिव्हरी (पीडी) म्हणतात ती हीच. चौकोनी तोंडाच्या केबलवर ही बोलणी होतच नाहीत. लॅपटॉपची सूचना म्हणजे बिघाड नव्हे. मागितलं तेवढं मिळालं नाही, एवढंच तो सांगत असतो.

आश्रमशाळेतल्या एका सरांकडे 65 वॅटचा पीडी चार्जर होता, दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलसह. तो लावला. काहीच नाही! सगळे हिरमुसले. नीट पाहिलं तर लॅपटॉपला टाइप-सीची दोन भोकं होती आणि चार्जिंगची खूण एकाच्याच शेजारी. दुसरं फक्त डेटासाठी. पिन बदलली, सूचना गेली, टक्के चढायला लागले. 80 वर येऊन थांबले तेव्हा पुन्हा घाबरगुंडी. पण ती बॅटरीचं आयुष्य वाढवण्यासाठी ठेवलेली मर्यादा होती, सेटिंगमध्ये काढता येते. गोधडीवर ठेवून चार्ज करणं मात्र तिने बंद करावं, असं मी बजावलं. लॅपटॉप तापला की चार्जिंग मुद्दाम मंदावतं.

खोडाळ्याला किंवा मोखाड्याला जाऊन कुणी जादा चार्जर आणणार असेल, तर मोठ्या अक्षरातले वॅट पाहून पैसे देऊ नका. मागची ‘आउटपुट’ची ओळ दुकानातच वाचा. चार्जरचं तोंड टाइप-सीचं असेल आणि तिथे 20 व्होल्ट, 3.25 अँपिअर लिहिलेलं असेल तर तो 65 वॅटच्या लॅपटॉपला पुरेल. 20 चा आकडाच नसेल, तर तो चार्जर मोबाइलसाठीच ठेवा.