कारखाना येतो ट्रेलरवरून, बार्जवरून. मग गावातल्या हाताला काम कुठे?

रात्री बाराच्या पुढे वडखळ नाक्यावर चहाला थांबलात, तर कधीतरी हे दृश्य दिसतं. पुढे पिवळा दिवा फिरवणारी जीप आणि मागे मुंगीच्या चालीनं येणारा, चाकं मोजता मोजता थकाल असा ट्रेलर. त्यावर आडवं लोखंडी धूड. दोन पोरं लांब काठीनं वरची वायर उचलून धरतात आणि ट्रेलर खालून सरकतो. आपण म्हणतो, "चालली कुठल्यातरी कंपनीची टाकी."

टाकी असतेच. पण कधी कधी एकाच लोखंडी सांगाड्यात टाकी, पाइप, व्हॉल्व्ह, पंप, वायरिंग, चढायची शिडी असं सगळं बसवलेलं असतं. म्हणजे कारखान्याचा एक तुकडाच तयार होऊन निघालेला असतो. या तुकड्याला म्हणतात मॉड्यूल. लहान असेल तर स्किड. आणि अशा पद्धतीनं कारखाना उभारणं म्हणजे मॉड्युलर बांधकाम.

जुन्या पद्धतीत आधी जागेवर पाया, मग खांब, मग मशीन, मग पाइप, शेवटी वायरिंग. एक काम संपल्याशिवाय दुसरं सुरू होत नाही. मॉड्युलर पद्धतीत इकडे पाया भरत असतानाच तिकडे, कदाचित दुसऱ्या राज्यात किंवा दुसऱ्या देशात, यार्डात वरचा भाग तयार होतो. पाइपात पाणी भरून दाब देऊन गळती तपासली जाते. मग तो तुकडा आणून पायावर ठेवायचा, बोल्ट आवळायचे, पाइपाला पाइप जोडायचा.

हे आपल्याला वाटतं तेवढं नवीन नाही. १९७४ मध्ये बॉम्बे हाय इथं समुद्रात तेल सापडलं. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत, सुमारे ७५ मीटर खोल पाण्यात वीट-वाळू नेऊन बांधणार कोण? त्यामुळे तेलाचे प्लॅटफॉर्म किनाऱ्यावरच्या यार्डात तयार करायचे, बार्जवरून न्यायचे, आधी पाय समुद्रात रोवायचे आणि मोठ्या क्रेननं वरचा मजला त्यावर ठेवायचा, हाच मार्ग होता. माझगाव डॉकनं अशी कामं केली आणि त्यासाठी त्यांचं एक यार्ड आपल्याच न्हावा इथं होतं. तिथल्या तेल-वायूवर चालणारा ओएनजीसीचा प्रकल्प उरणला आहे, हे सगळ्यांना माहीत आहेच.

ताजं उदाहरण कारखान्याचं नाही, पुलाचं आहे. पण तंत्र तेच. १२ जानेवारी २०२४ ला सुरू झालेला अटल सेतू २१.८ किलोमीटरचा, त्यातला १६.५ किलोमीटर पाण्यावर. त्याच्या पोलादी गाळ्यांचे भाग जपान, म्यानमारसारख्या देशांत तयार झाले, जहाजानं आले, करंजा बंदरात जोडले गेले आणि बार्जवरून नेऊन खांबांवर बसवले. सर्वात लांब गाळा १८० मीटरचा आहे.

कंपन्यांना हे का परवडतं? आपल्याकडचं पहिलं कारण पाऊस. जून ते सप्टेंबर उघड्यावर वेल्डिंग करून बघा. शेडमध्ये तेच काम बाराही महिने चालतं. दुसरं कारण सुरक्षेचं आणि ते जास्त महत्त्वाचं. थळ, नागोठणे, डोलवी इथे चालू कारखान्यांच्या शेजारी विस्तार होतो. जिथे गॅसच्या पाइपलाइन आहेत तिथे प्रत्येक ठिणगीला परवाना लागतो. ठिणगी जितकी बाहेर पडेल तितकं बरं. उंचावर, परातीवर चढून काम करणारी माणसंही कमी लागतात.

तोटेही आहेत. नकाशा एकदा पक्का झाला की बदल जवळजवळ अशक्य. जागेवर पाइप दोन बोटं हुकला तर कापून जोडता येतो. तयार मॉड्यूल पायाच्या बोल्टवर बसलं नाही तर क्रेन आणि माणसं नुसती उभी. शिवाय वाहतुकीसाठी जादा लोखंड घालावं लागतं. खाडीतून आणायचं तर भरतीची वेळ धरावी लागते, आणि बार्जच्या वाटेत डोल लावणाऱ्या कोळी बांधवांचा प्रश्न आलाच.

आता आपला प्रश्न

जागेवर कारखाना बांधला जातो तेव्हा गवंडी, सेंट्रिंगवाला, बिगारी, टँकरवाला, डबेवाली, खोली भाड्यानं देणारा अशा सगळ्यांना दोन-तीन वर्षं काम मिळतं. जमीन देताना गावाच्या मनात बऱ्याचदा हाच हिशोब असतो. मॉड्यूल तयार होऊन आलं की यातलं बरंच काम यार्ड जिथे आहे तिथे जातं. काम संपत नाही, पत्ता बदलतो. पाया, भराव, पायलिंग मात्र इथेच राहतं.

यार्डात लागतो फिटर, रिगर, क्रेन ऑपरेटर, वेल्ड तपासणारा आणि मुख्य म्हणजे पाइप वेल्डर. तिथे 'सिक्स-जी' चाचणीला मान आहे. यात पाइप ४५ अंशांत तिरका घट्ट बांधलेला असतो, फिरवता येत नाही. वेल्डरनंच भोवती फिरून टाका मारायचा. ही चाचणी पास झालेल्याला गावातलं काम संपलं तरी बाहेरचं मिळतं. नुसती आयटीआयची पाटी घेऊन गेलेल्याला मिळेलच असं नाही. आयटीआयला मुलगा असेल तर ही तयारी तिथे करून घेतात का, हे प्रवेशाआधीच विचारा.

आणि जनसुनावणी. मोठ्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरीपूर्वी प्रदूषण नियंत्रण मंडळाला ती घ्यावी लागते. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी असतात, नोटीस किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात येते. (अधिसूचित औद्योगिक वसाहतीतल्या बऱ्याच प्रकल्पांना यातून सूट आहे, हेही लक्षात ठेवा.) अहवालाचा मराठी सारांश ग्रामपंचायतीकडे येतो. त्यात रोजगाराचा आकडा शोधा आणि तो बांधकामाच्या काळातला आहे की कारखाना चालू झाल्यानंतरचा, ते बघा. मग उभं राहून तीन गोष्टी विचारा: किती भाग बाहेरून तयार होऊन येणार, तो भाग जोडणारं यार्ड कुठल्या गावात, आणि बार्ज कुठल्या खाडीतून, कुठल्या महिन्यांत येणार. उत्तरं इतिवृत्तात लिहून घेतली का, हे सुनावणी संपण्याआधी वाचून दाखवायला सांगा.