उन्हात बरी होणारी होडी

अमेरिका-कॅनडाच्या नद्यांमध्ये वल्ह्यानं हाकायची, दोन्ही टोकांना निमुळती होडी म्हणजे कनू. १९७०च्या दशकापासून या होड्यांमध्ये एका प्लॅस्टिकनं भाव खाल्ला. त्याचं नाव रॉयलेक्स. खडकांना न घाबरणारं हे प्लॅस्टिक तापमानापुढे मात्र भलतंच हळवं!

पाच थरांची करामत
मधोमध एबीएस प्लॅस्टिकचा फेस, त्याच्या दोन्ही बाजूंना टणक एबीएस आणि सर्वांत वर-खाली व्हिनाइलचं पातळ अस्तर. फेसातल्या बंद बुडबुड्यांमुळे होडी पाण्यानं भरली तरी तळाला जात नाही.

भट्टीतून जन्म
कारखान्यात यायचा तो सपाट पत्रा. भट्टीत तापला की आतला थर फुगून त्याचा फेस व्हायचा. मऊ झालेला पत्रा निर्वात दाबानं साच्यावर ओढून बसवायचा, थंड करायचा, की होडीचा आकार तयार!

टायरवाल्यांचं अपत्य
रॉयलेक्स काढलं युनिरॉयल या टायर बनवणाऱ्या कंपनीनं. त्याआधी तिच्याच रॉयलाइट या भावंड-प्लॅस्टिकपासून १९६०च्या दशकात जुन्या ‘कॉर्ड’ मोटारीच्या छोट्या प्रतिकृतीची बॉडी बनली होती.

वाकेन पण मोडणार नाही
आपल्या म्हणीच्या अगदी उलट बाणा! प्रवाहानं खडकाला गुंडाळून टाकलेली रॉयलेक्सची कनू ओढून काढली, लाथा-बुक्क्यांनी सरळ केली आणि पुन्हा पाण्यात उतरवली, असे किस्से वल्हेकऱ्यांमध्ये चिक्कार. अमेरिकेच्या मेन राज्यातल्या ओल्ड टाउन कंपनीनं तर जाहिरातीसाठी आपली कनू कारखान्याच्या छतावरून खाली टाकून दाखवली.

पोचा आला? उन्हात ठेवा
ऊब लागली की या प्लॅस्टिकला आपला मूळ आकार आठवतो. किरकोळ पोचे उन्हात आपोआप निघतात. हट्टी पोच्यांसाठी हीट गन आहे, पण ती सतत हलती ठेवायची. एबीएस साधारण १०५ अंश सेल्सिअसला मऊ पडतं. एकाच जागी जास्त तापवलं तर आतला फेस पुन्हा फुगतो आणि होडीवर फोड येतात.

थंडीत तडकते
होडीच्या काठाला लाकडी पट्टी स्क्रूनं बसवलेली असेल तर हिवाळ्यात पंचाईत. पाच मीटर लांबीचं एबीएस ५० अंशांनी थंड झालं तर साधारण दोन सेंटिमीटर आखडतं. लाकूड लांबीत जेमतेम एक मिलिमीटर. या ओढाताणीत होडीला काठापासून खाली तडे जातात. म्हणून कडक थंडीच्या मुलखातले लोक हिवाळ्याआधी काठाचे स्क्रू सैल करून ठेवतात.

ऊन औषध, ऊनच विष
पोचे काढणारं ऊन रोज लागलं तर घात करतं. अतिनील किरणांनी एबीएस ठिसूळ होतं. वरचं व्हिनाइल त्याची ढाल. ते घासलं गेलं की एबीएस उघडं पडतं. म्हणून कनू सावलीत, उपडी ठेवायची.

चुलत भाऊ पॉलिएथिलिन
कोलमन कंपनीची स्वस्त रॅम-एक्स कनू पॉलिएथिलिनची होती. ते इतकं लवचीक, की आतून ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा आधार द्यावा लागला. अशी होडी मोटारीच्या टपावर करकचून बांधून तळपत्या उन्हात फिरवली, तर तिला पट्ट्यांच्या जागी खड्डे पडलेच म्हणून समजा.

पूर्वजांनाही हाच ताप
उत्तर अमेरिकेतल्या मूळनिवासी अनिशिनाबे लोकांच्या भूर्जसालीच्या कनूचे सांधे स्प्रूसच्या राळेनं बुजवले जात. नुसती राळ उन्हात वितळते, थंडीत तडकते. त्यावर उतारा म्हणजे राळेत प्राण्यांची चरबी आणि कोळशाची पूड. चरबी किती घालायची, हीच खरी कारागिरी.

एक गेलं, दुसरं आलं
रॉयलेक्सचा धंदा हातोहात फिरत २०१३मध्ये पॉलीवन कंपनीकडे गेला आणि २०१४मध्ये उत्पादनच थांबलं. मग क्युबेकच्या एस्किफ कंपनीनं त्याच धर्तीचं टी-फॉर्मेक्स बाजारात आणलं. त्यातही एबीएस आहेच.

तुमच्या घरातलं एबीएस
मुलांचे लेगोचे ठोकळे १९६३पासून प्रामुख्यानं एबीएसचेच. कंपनी सांगते, धुताना पाणी ४० अंशांपेक्षा गरम नको. तेव्हा ठोकळे उकळत्या पाण्यातून काढायचा बेत असेल, तर आधी मुलांची परवानगी घ्या!