अल्प मोलाची गिटार

गिटार शिकण्याची हौस आहे, पण पैशाची ओढाताण आहे, अशा विद्यार्थ्याने जुने वाद्य घेण्यात मुळीच कमीपणा नाही. पारख मात्र डोळस हवी. दांडी डोळ्यांसमोर सरळ धरून पाहावी. झिलई उडालेली चालेल, वाकलेली दांडी चालावयाची नाही. मग १२ व्या पडद्यावर तार दाबून छेडावी. हा पडदा तारेच्या मध्यावर असल्यामुळे मोकळ्या तारेचाच सूर बरोबर एक सप्तक वर उमटला पाहिजे. तेथे तार फार उंच असेल, तर नवशिक्याच्या बोटांचे हाल होतात. नायलॉनच्या तारा बोटांना मऊ. परंतु त्यांच्यासाठी घडविलेल्या गिटारवर पोलादी तारा कदापि चढवू नयेत, त्यांच्या ताणाने घोडी उखडते. उरल्या पैशांत नव्या तारांचा संच घ्यावा. सूर जुळविण्यास निराळे यंत्र कशाला? घरात पेटी असली की झाले!