एका दात्याचा हिशेब

मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने मोटारसायकलीच्या स्प्रॉकेटविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा विषय गणित होता. आणि शाळेतून बाहेर पडलेली मुले आज ज्या एका गोष्टीवर हमरीतुमरीवर येऊन वाद घालतात, ती निव्वळ त्रैराशिकाची आहे. वाद असा : डांबरी रस्ता आणि कच्ची वाट या दोहोंसाठी घडविलेल्या गाडीला पुढचे स्प्रॉकेट एक दात्याने लहान बसवावे की नाही?

(करवतीला, फणीला आणि स्प्रॉकेटला असतात ते दाते, माणसाला असतात ते दात. गॅरेजमधील कारागिरांनी हा भेद अजून सोडलेला नाही, ही समाधानाची बाब आहे.)

उदाहरणासाठी आपल्याकडे सर्वत्र दिसणारी रॉयल एनफील्डची हिमालयन घेऊ. २०१६ साली आलेल्या ४११ सीसीच्या या गाडीची जागा २०२३ अखेर नव्या इंजिनाच्या गाडीने घेतली असली, तरी जुनी गाडी रस्त्यांवर पुष्कळ आहे. तिच्या पुढच्या स्प्रॉकेटला १५ दाते असतात, मागच्या स्प्रॉकेटला ३८. म्हणजे मागचे चाक एकदा फिरावयाचे तर पुढचे स्प्रॉकेट २.५३ वेळा फिरावे लागते. पुढे १४ दाते केले की हाच आकडा २.७१ होतो. फरक सुमारे सात टक्क्यांचा. पुढे १५ तसेच ठेवून मागे ४० केले, तर २.६७, फरक पाच टक्क्यांचा. पुढचा एक दाता मागच्या जवळजवळ पावणेतीन दात्यांच्या बरोबरीचा असतो, हे येथेच ध्यानात ठेवावे.

या सात टक्क्यांनी होते काय? चाकाला मिळणारी ओढ प्रत्येक गिअरमध्ये तेवढ्याच प्रमाणात वाढते आणि इंजिनाच्या त्याच फेऱ्यांत मिळणारा वेग तेवढाच उतरतो. ज्या फेऱ्यांना पूर्वी ताशी ८० किलोमीटर मिळत होते, तेथे आता पाऊणशेच मिळतात. इंजिनाच्या शक्तीत कणभरही भर पडत नाही. ‘पिकअप वाढला’ असे मुले म्हणतात ते खोटे नाही. पण तो वेगाच्या खात्यातून काढून दिलेला असतो.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की स्प्रॉकेट बदलल्याने पाचही गिअर एकदमच सरकतात. त्यांच्यातील अंतर बदलत नाही. पहिला गिअर चढासाठी अधिक सावकाश हवा आणि पाचवा महामार्गासाठी अधिक लांब हवा, ही मागणी कोणतेही स्प्रॉकेट पुरवू शकत नाही. तेव्हा खरा प्रश्न कोठे सोसावयाचे हा आहे. तो चालकाने स्वतःलाच विचारावा. शेजाऱ्याच्या गाडीवरून ठरवू नये.

बेळगावच्या चालकापुढे हा प्रश्न फार स्पष्टपणे उभा राहतो. एकीकडे पुणे-बंगळूर महामार्ग आहे, दुसरीकडे जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट करीत गोव्यातील साखळीस (गावास, चेनला नव्हे) उतरणारा रस्ता, आणि खानापूर तालुक्यातील जंगलवाटा आहेतच. जंगलवाटेवर, दगडांतून चढताना, पहिल्या गिअरमध्येही सतत हाफ क्लच धरावा लागत असेल, तर गिअरिंग त्या वाटेसाठी लांब आहे. क्लचच्या प्लेटी जळण्यापेक्षा एक दाता कमी केलेला बरा. उतारावरही त्याच गिअरमध्ये इंजिन गाडीला अधिक रोखून धरते, हा पावसाळ्यातील निसरड्या लाल मातीत मोठाच आधार होय. उलट महामार्गावर पाचव्या गिअरमध्ये पाय पुन:पुन्हा नसलेला सहावा गिअर शोधू लागला, तर गिअरिंग आखूड आहे असे समजावे. केवळ चोर्ल्याच्या डांबरी चढासाठी मात्र स्प्रॉकेट बदलण्याचे कारण मला दिसत नाही; तेथे एक गिअर खाली उतरवला की काम भागते. आळस हे गिअरिंग बदलण्याचे कारण होऊ नये.

आता पुढचे की मागचे? पुढचे स्वस्त, थोडक्या वेळात बदलणारे, आणि न रुचल्यास जुने परत बसविता येणारे. म्हणून पारख पुढच्यावर करावी. तेथे चेनची लांबी सहसा बदलावी लागत नाही. मागचा आस सुमारे चार मिलिमीटर मागे सरकवला की ताण जुळतो. परंतु लहान स्प्रॉकेटवरून वळताना चेनच्या प्रत्येक कडीला अधिक वाकावे लागते, त्यामुळे ती लवकर झिजते, आणि स्विंगआर्मवरील रबरी पट्टीही अधिक घासली जाते. महिना-दोन महिने फिरून निवड पक्की झाली, की कायमसाठी पुढे १५ ठेवून मागे ४० किंवा ४१ दाते करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. तेव्हा चेन मोठी लागेल का, हे आधी पाहावे. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदलावीत. झिजलेली चेन नव्या दात्यांना लवकरच आकड्यासारखे वाकडे करते.

पुढे १५ ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. चेनच्या कड्या नेहमी सम संख्येत असतात, एक आतली, एक बाहेरची. दाते सम असले की एका दात्याच्या वाट्याला कायम आतलीच किंवा कायम बाहेरचीच कडी येते; विषम असले की दोन्ही आळीपाळीने येतात आणि झीज सर्व दात्यांत वाटली जाते. मागे ४० ऐवजी ४१ घेण्याच्या बाजूनेही हेच म्हणता येईल.